वॅक्सलेस स्की चढावर मागे घसरते तेव्हा: पकड आणण्याची सविस्तर पद्धत

माझ्या पहिल्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कमध्ये, क्रॉस-कंट्री स्की (बर्फावर चालत-घसरत जायच्या लांब, अरुंद पट्ट्या) घालून एका साध्या चढावर मी अर्धा तास अडकले होते. एक पाऊल पुढे, अर्धं मागे. दुकानात सांगितलं होतं, "या वॅक्सलेस आहेत, यांना काही करावं लागत नाही." पकडीसाठी चिकट वॅक्स (मेण) लावतात त्या जागी तळाला खवल्यांची नक्षी होती, बर्फ चांगला होता, तरी दर पावलाला पाय सटकत होता. वर पोहोचेपर्यंत खांदे भरून आले, कारण सगळा चढ मी पोलवर, म्हणजे हातातल्या काठ्यांवर, ओढून काढला होता.

त्याला आता दहा हिवाळे झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच पार्कात क्रॉस-कंट्री स्कीइंगचा विश्वचषकाचा टप्पा झाला. २००१ नंतर अमेरिकेत पहिल्यांदाच. त्यानंतर आमच्या ओळखीतल्या चार मराठी घरांत स्की आल्या आणि चारही घरांतून मला एकच फोन आला: "अगं, चढावर मागे येतेय." त्या शर्यती स्केटिंग पद्धतीच्या होत्या. त्यात स्की तिरकी टाकून कडेवर ढकलतात, तळाच्या पकडीचा प्रश्नच येत नाही. आपण मात्र शिकतो ती क्लासिक पद्धत: दोन समांतर चाकोऱ्या, त्यात दोन स्की आणि चालल्यासारखी पावलं. इथे पकड नसेल तर काहीच नाही.

फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगितलेलं इथे एकत्र लिहिते आहे. माझा अनुभव असा की घसरण्याचं कारण स्कीच्या तळाशी कमी आणि तुमचं वजन कुठे आहे त्यात जास्त असतं. म्हणून क्रमही तसाच ठेवला आहे. आधी स्की तुमच्या वजनाला जुळते का ते बघा, मग वजन टाकायला शिका आणि त्यानंतर साफसफाई, वॅक्स, बर्फ यांकडे वळा. लोक हे उलट्या क्रमाने करतात आणि पैसे घालवतात.

पकड येते कुठून

स्कीची जोडी तळाला तळ लावून उभी धरा. टोकं आणि शेपट्या एकमेकींना टेकतात, मधे फट राहते. ती स्कीची कमान. आता मधोमध दोन्ही हातांनी दाबा. सुरुवातीला फट सहज मिटत जाते, शेवटचा थोडा भाग मात्र हट्टाने उघडा राहतो आणि तो मिटवायला चांगला जोर लागतो. सगळी करामत त्या शेवटच्या भागात आहे. दोन्ही पायांवर वजन वाटलेलं असताना तो भाग बर्फाच्या वर तरंगतो आणि स्की टोकाशेपटीवर घसरत जाते. अख्खं वजन एका पायावर आलं की कमान सपाट होते, मधला पट्टा बर्फावर दाबला जातो आणि क्षणभर स्की जागीच थांबते. त्या थांबलेल्या क्षणावर पाय रेटून आपण पुढे जातो. या मधल्या पट्ट्याला किक झोन म्हणतात.

वॅक्सच्या स्कीवर त्या पट्ट्यात चिकट वॅक्स लावतात. वॅक्सलेसमध्ये त्याच जागी दुसरी काही सोय केलेली असते. सर्वांत जास्त दिसतात त्या खवल्यांच्या स्की. त्यांच्या प्लास्टिकच्या तळातच पायऱ्या-पायऱ्यांची नक्षी असते. टोकाकडून शेपटीकडे बोट फिरवलं तर गुळगुळीत, उलटं फिरवलं तर किसणीसारखं अडतं. दुसरा प्रकार स्किनचा. त्यात मोहेरच्या, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या, एक-दोन पट्ट्या तळात बसवलेल्या असतात आणि केस शेपटीकडे झुकलेले असतात. मखमलीवरून हात सुलट आणि उलट फिरवून पाहिलात की तत्त्व कळलं. ही युक्ती फार जुनी आहे. अल्ताई पर्वतातले लोक लाकडी स्कीला केसांसकट घोड्याचं कातडं लावत आले आहेत, केस मागच्या बाजूला. तिसरा प्रकार शून्य अंशाच्या आसपासच्या बर्फासाठी खास रबरासारखा तळ असलेल्या स्कीचा. तो शर्यतवाल्यांच्या कामाचा, त्यात इथे शिरत नाही.

खवले असोत की केस, ते बर्फाला टेकलेच नाहीत तर काहीही करणार नाहीत. म्हणून पहिली चाचणी घरातच करायची.

कागदाची चाचणी

गालिचा नको, कडक सपाट फरशी हवी. मदतीला एक माणूस आणि एक साधा कागद. स्वयंपाकघराची फरशी झकास. स्कीचे बूट घाला, बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीत) अडकवा. बाहेर जाताना पाठीवर सॅक असणार असेल तर ती पाठीवर घ्याच, कारण तीन-चार किलोंनी निकाल बदलतो.

आधी दोन्ही पायांवर समान वजन देऊन सरळ उभे राहा. मदतनिसाने एका स्कीखाली, बुटाच्या खालून, कागद पुढेमागे सरकवायचा. टाचेच्या आसपासपासून बुटाच्या टोकापुढे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटरपर्यंत कागद मोकळा सरकला पाहिजे. तो पुढे आणि मागे जिथे अडतो तिथे स्कीच्या कडेवर पेन्सिलने बारीक खूण करून ठेवा, पुढे ती लागणार आहे.

मग अख्खं वजन त्या एका स्कीवर आणा. दुसरा पाय उचला, चवड्यावर या. आता कागद घट्ट धरला गेला पाहिजे. ओढला तर फाटावा, सरकू नये.

एका पायावर उभं राहूनही कागद सरकतो आहे? मग ती स्की तुमच्यासाठी फार ताठ आहे. खवले कितीही नवे असोत, ते बर्फापर्यंत पोहोचत नाहीत. माझं नेमकं हेच झालं होतं. दुकानदाराने माझी उंची विचारली, वजन विचारलंच नाही आणि लांब, ताठ जोडी हातात दिली. ५४ किलोच्या बाईला ७५ किलोच्या माणसाची स्की. पुढच्या मोसमात वजनाच्या तक्त्यावरून घेतलेल्या दुसऱ्या जोडीवर तोच चढ पहिल्याच दिवशी चढले. माझ्यात काही बदल झाला नव्हता. म्हणून कळकळीने सांगते: स्की घेताना आधी आपलं खरं वजन सांगा, हिवाळी कपडे धरून. जुन्या बाजारातून घेत असाल तर कागद खिशात ठेवा आणि तिथल्या तिथे चाचणी करा.

उलट, दोन्ही पायांवर उभे असतानाच कागद अडकत असेल तर स्की मऊ आहे. पकड भरपूर मिळेल, पण खवले सतत घासत राहतील, वेग येणार नाही आणि नक्षी लवकर झिजेल. तरीही नवशिक्याने ताठपेक्षा किंचित मऊ स्की घ्यावी असं माझं मत आहे. हळू घसरणारी स्की शिकू देते, मागे येणारी स्की माणसाला घरी बसवते.

थोडक्यासाठी जुळत नसेल तर बाइंडिंगकडे बघा. हल्लीच्या बऱ्याच बाइंडिंग पट्टीवर पुढेमागे सरकतात. काहींना बोटांनी फिरवायची चकती असते, काहींची कळ दाबून जागा बदलता येते. बाइंडिंग एक खाच पुढे घेतली की तुमचं वजन कमानीच्या नेमक्या माथ्याजवळ येतं आणि पकड वाढते. मागे घेतली की ग्लाइड (स्कीचं पुढे घसरणं) वाढतो. एका वेळी एकच खाच हलवा आणि त्याच चढावर पुन्हा करून पाहा. दोन्ही स्की सारख्याच हलवायच्या, हे वेगळं सांगायला नको, पण मी एकदा एकच हलवून अर्धा दिवस चाचपडले आहे.

वजन टाकणं: खरं काम इथे आहे

पावसाळ्यात सिंहगड चढलेल्या माणसाला हे अंगाने ठाऊक असतं. शेवाळलेल्या दगडावर जो घाबरून मागे रेलतो, तो सटकतो. जो पाऊल सपाट टेकवून अख्खं अंग त्या पावलावर आणतो, त्याचा पाय टिकतो. स्कीवर हाच नियम आहे, पण तिथे पाय आधीच सरकत असल्यामुळे भीती दुप्पट असते आणि शरीर आपोआप वजन दोन्ही पायांत वाटून घेतं. सुरक्षित वाटतं म्हणून. वजन वाटलं की दोन्ही कमानी उघड्या राहतात आणि दोन्ही स्की मागे येतात. चढावर घसरणाऱ्या दहा जणांत आठ जणांचं दुखणं मी हेच पाहिलं आहे.

सुरुवात घरीच करा. लंगडी घालून पाहा, जागच्या जागी. बघा, लंगडीत आपण जमिनीला मागे ढकलत नाही, चवड्याने सरळ खाली दाबतो आणि अंग वर-पुढे जातं. ओल्या फरशीवर मागे ढकललं तर आपटू. स्कीची किक म्हणजे हाच खाली दिलेला दाब. 'किक' या शब्दामुळेच गोंधळ होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, पाय मागे झटकायचा आहे. मग लंगडी सोडून नुसतं एका पायावर, गुडघा आणि घोटा थोडा वाकवून, तीस सेकंद उभे राहा. डावा, मग उजवा. रोज दात घासताना केलं तरी महिन्याभरात फरक दिसतो.

बर्फावर पहिला दिवस पोलशिवाय घालवा. ते बाकावर ठेवून द्या. सपाट, तयार केलेल्या ट्रॅकवर नुसतं चाला, मग हळूहळू प्रत्येक पावलावर घसरणं लांबवा. दर पावलाला नाक, गुडघा आणि पायाची बोटं एका रेषेत त्या एका स्कीवर आली पाहिजेत. पोल हातात असले की आपण चूक लपवतो, पाय सटकला की हात सावरून घेतात. पोल नसले की खोटेपणा चालत नाही.

या वेळी कान उघडे ठेवा. खवल्यांची स्की घसरताना बारीक गुणगुणल्यासारखा आवाज करते. किक बरोबर बसली की त्या पायाचा आवाज क्षणभर पूर्ण थांबतो, मग दुसऱ्या पायाचा सुरू होतो. गुणगुण, शांतता, गुणगुण. त्या शांततेच्या जागी खर्रकन खरवडल्यासारखा आवाज आला तर समजा की दाब कमी पडला किंवा उशिरा आला. मला तंत्र यातून जितकं कळलं तितकं कुठल्याही व्हिडिओतून कळलं नाही. स्किनच्या स्की जवळजवळ मुक्या असतात, त्यामुळे शिकायला मला खवल्यांची स्कीच आवडते.

उशीर ही दुसरी मोठी चूक. मागचा पाय पुढे येताना एका क्षणी दोन्ही पाय शेजारी-शेजारी येतात. दाब तेव्हाच द्यायचा. त्या क्षणी पाय अंगाखाली असतो, म्हणून सगळं वजन सरळ खाली जातं. पाय मागे निघून गेल्यावर ढकललं तर वजन तोवर दुसऱ्या स्कीवर पोहोचलेलं असतं आणि मागे उरतो नुसता बुटाच्या टोकाचा फरकाटा. जमतंय का ते सपाटीवरच तपासा: दोन्ही पाय शेजारी आले की मनात "आता" म्हणा आणि चवडा दाबा.

आता चढ. चढावर चार गोष्टी बदलतात. पावलं अर्ध्याने लहान करा आणि लय वाढवा, कारण चढावर लांब घसरायला वेळच मिळत नाही. नजर स्कीच्या टोकांवर ठेवू नका, दहा-बारा पावलं पुढे ठेवा. डोकं खाली गेलं की कंबर मागे जाते आणि कंबर मागे गेली की वजन टाचेवर जातं. घोटे पुढे वाकवा, नडगीने बुटाची जीभ दाबली गेली पाहिजे. आणि पोल पायांच्या मागेच टेकवा, तिरके, मागे ढकलणारे. पुढे टेकवलेला पोल ब्रेक लावतो. क्लासिकसाठी पोल साधारण खांद्याच्या उंचीचा बरा. फार लांब पोलने शिकणारा माणूस नकळत मागे झुकतो.

एक मात्र सांगते, कारण हे उलटं वाटतं. चढ तीव्र झाला की माणसं कमरेतून पुढे वाकतात, लिफ्ट बंद पडल्यावर चौथ्या मजल्यावर बाजाराच्या पिशव्या नेताना वाकतो तशी. त्याने डोकं पुढे जातं खरं, पण बूड मागे निघतं आणि किक झोन हलका होतो. वाकायचं ते घोट्यातून. कंबर बुटाच्या वर किंवा किंचित पुढे. कुणाला तरी बाजूने फोनवर तुमचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढायला सांगा. बाकी काही पाहू नका, फक्त कंबर आणि बूट यांतून उभी रेषा जाते का बघा.

त्यापलीकडचा चढ असेल तर हट्ट सोडा आणि हेरिंगबोन करा: टोकं फाकवून, आतल्या कडा बर्फात रुतवून, बदकासारखी पावलं. अर्ध-हेरिंगबोनही चालतं, एक स्की चाकोरीत आणि एक बाहेर तिरकी. कडेची पकड खवल्यांवर अवलंबून नसते, म्हणून बर्फ कसाही असला तरी ती साथ देते. विश्वचषकाचे खेळाडूही क्लासिक शर्यतीत तीव्र चढांवर हेच करतात, त्यामुळे कमीपणा वाटून घेऊ नका.

तळ स्वच्छ आहे का

तळ उलटा करून उजेडात धरा. ट्रॅकवर झाडांचा डिंक पडलेला असतो, पाइनच्या सुया असतात, पुढे गेलेल्या लोकांच्या स्कीवरचं क्लिस्टर (पकडीसाठी लावायचं फार चिकट, पाकासारखं वॅक्स) असतं, पार्किंगमधली घाण असते. हे सगळं खवल्यांच्या पायऱ्यांत साचतं. पायरीची धार घाणीत बुडाली की किसणी गुळगुळीत ताटासारखी होते. दोन-तीन फेऱ्यांनंतर वॅक्स रिमूव्हरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, नेहमी टोकाकडून शेपटीकडे. खाचांत अडकलेलं नायलॉनच्या मऊ ब्रशने काढा. स्क्रूड्रायव्हर किंवा सुरीचं टोक चुकूनही लावू नका. आणि गाडीपासून ट्रॅकपर्यंत डांबरावरून स्की घालून चालू नका. मीठ-वाळू टाकलेल्या रस्त्यावरची पन्नास पावलं खवल्यांना पन्नास किलोमीटरच्या बर्फापेक्षा महाग पडतात, असं मी मानते.

वॅक्सलेस या नावामुळे अनेक जण तळाला वर्षानुवर्षं काहीच लावत नाहीत. टोक आणि शेपटी या भागांना ग्लाइड वॅक्स लागतंच. ते इस्त्रीने लावा, थंड झाल्यावर प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. खवल्यांवर मात्र गरम वॅक्स ओतू नका. ते पायऱ्यांत भरून बसतं, आणि मग पकडही जाते व ते काढता काढता तुमचा रविवारही जातो. खवल्यांच्या भागाला पातळ, स्पंजने लावायचं द्रवरूप वॅक्स पुरे. त्याचं मुख्य काम वेग वाढवणं नव्हे, बर्फ चिकटू न देणं हे आहे. जुन्या बाटल्या घरात असतील तर त्यात फ्लोरिन आहे का ते पाहा. फिसने (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने) २०२३-२४ च्या मोसमापासून आपल्या शर्यतींत फ्लोरिनची वॅक्स बंद केली आणि मिनेसोटात १ जानेवारी २०२५ पासून मुद्दाम पीफास (फ्लोरिनची टिकाऊ रसायनं) घातलेलं स्की वॅक्स विकायलाच बंदी आहे. ही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत, बर्फ वितळला की पाण्यात उतरतात. आपण ज्या तळ्यांवरून स्कीइंग करतो तीच ही तळी. साधं वॅक्स आपल्याला भरपूर पुरतं.

स्किनच्या स्कीची निगा निराळी. केसांवर ग्लाइड वॅक्स किंवा किक वॅक्स दोन्ही लावायचं नाही, इस्त्री तर जवळही नेऊ नका, खालचा गोंद सुटतो. स्किनसाठी मिळणारा क्लीनर फडक्यावर घेऊन केसांच्या दिशेने, टोकाकडून शेपटीकडे पुसा. रात्रभर वाळू द्या. मग पाणी न धरणारा स्किनचा स्प्रे. केस गळून टक्कल दिसायला लागलं, की पट्टी बदलायची वेळ झाली. बऱ्याच स्कीवर नुसती पट्टी बदलता येते, नवी जोडी लागत नाही.

बर्फाप्रमाणे वागणं

खवल्यांना सर्वांत मानवतो तो ओलसर, मऊ, दाणेदार बर्फ. मार्चमधली दुपार म्हणजे त्यांचा सण. पायऱ्या त्या दाण्यांत रुततात आणि वॅक्सवाले बिचारे क्लिस्टरने हात माखून घेत असताना तुम्ही खुशाल चढून जाता.

शून्य अंशाच्या आसपासचा ताजा बर्फ मात्र फसवा असतो. इथल्या हिशेबात ३२ फॅरनहाइट. स्की घसरायचीच थांबते, खाली बर्फाचा गोळा जमतो आणि बुटाखाली लाकडी पाट बांधल्यासारखं वाटतं. दोन कारणं नेहमीची. एक, घरातली किंवा गाडीतली उबदार स्की थेट बर्फावर ठेवली. बर्फ वितळला, पाणी झालं आणि ते पुन्हा गोठलं. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं स्की बाहेर उभी करून ठेवली की हे टळतं. दुसरं, उन्हातल्या ओल्या भागातून सावलीतल्या थंड भागात शिरणं. तिथे थबकू नका, पाय सरकते ठेवा. गोळा जमलाच तर एक स्की उचलून तिचा तळ दुसऱ्या स्कीच्या कडेवर टोकाकडून शेपटीकडे घासा. स्किनवर हे करू नका, केस उपटतात; तिथे हातमोज्याने किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने हलकेच. द्रव वॅक्सची छोटी बाटली खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.

कडाक्याच्या थंडीत, उणे १२ किंवा १५ सेल्सिअसला, बर्फाचे कण बारीक आणि कोरडे होतात. खवल्यांच्या पायऱ्या त्यांच्यासाठी फार मोठ्या पडतात, पिठात काटा रोवावा तसं होतं. इथे एक युक्ती फार उपयोगी पडते, ती जरा नीट सांगते.

खवल्यांच्या पुढचा गुळगुळीत भाग आठवा. कागदाच्या चाचणीत पुढे केलेली पेन्सिलची खूण बहुतेक वेळा खवल्यांच्याही पुढे असते. खवले संपतात तिथपासून त्या खुणेपर्यंतची जागा रिकामी आहे, आणि वजन पडलं की तीही बर्फाला टेकते. तिथे किक वॅक्स लावायचं. उणे २ ते उणे १० साठी निळं चालतं, त्याखाली हिरवं. डबीवर तापमान लिहिलेलंच असतं. स्की कोरडी आणि स्वच्छ हवी. तळ घरात, कोमट असताना पुसून घ्या. डबी खडूसारखी धरून पातळ थर ओढा. मग कॉर्कने, म्हणजे वॅक्स घासायच्या बुचाच्या ठोकळ्याने, भराभर घासा, इतकं की थर दिसेनासा व्हावा आणि बोटाला नुसता किंचित चिकटपणा लागावा. बाहेर थंड करून दुसरा थर, पुन्हा कॉर्क. तीन पातळ थर एका जाड थरापेक्षा कितीतरी बरे. जाड थरात बर्फ अडकतो. खवल्यांवरूनही हलका हात फिरवला तर चालतं, दाबून भरू नका. द्रव ग्लाइड वॅक्स लावलेल्या जागी किक वॅक्स टिकत नाही, म्हणून त्या दिवशी एकच काय ते ठरवा. हवा गरम व्हायला लागली की हे वॅक्स बर्फ धरायला लागेल. तेव्हा ते खरवडून टाकायचं आणि खवल्यांवर भरवसा ठेवायचा.

राहिला काचेसारखा गोठलेला ट्रॅक. दिवसा वितळलेला, रात्री गोठलेला. त्यात खवले रुतत नाहीत आणि किक वॅक्स पहिल्या किलोमीटरमध्ये घासून जातं. क्लिस्टर लावता येतं, पण खवल्यांत गेलेलं क्लिस्टर काढणं म्हणजे शिक्षा आहे. मी एकदा केलं, पुन्हा करणार नाही. स्किनच्या स्की इथे खवल्यांपेक्षा बऱ्यापैकी सरस ठरतात. खवलेच असतील तर ऊन वर येईपर्यंत थांबा, दहा-अकरा वाजता तोच ट्रॅक बदललेला असतो. नाहीतर चाकोरीतून बाहेर पडा. चाकोरी सर्वांत आधी चकचकीत होते, तिच्या शेजारचा मशीनने ओढलेला रेघांचा बर्फ खरखरीत राहतो. चढापुरतं त्यावरून जा, माथ्यावर परत चाकोरीत या. स्केटिंगवाल्यांना वाट ठेवून. मशीनने बनवलेल्या बर्फाच्या फेऱ्यांवर हे जास्त जाणवतं, कारण त्या बर्फाचे कण गोल असतात आणि लवकर आवळून घट्ट होतात.

वाटेत घसरायला लागलात तर

चढाच्या मध्यावर पाय सटकू लागला की मी या क्रमाने जाते. आधी तीन पावलं मुद्दाम लहान, नजर वर, चवड्यावर दाब. तेवढ्याने थांबलं तर प्रश्न माझाच होता. नाही थांबलं तर चाकोरी सोडून शेजारच्या खरखरीत बर्फावर. तिथेही घसरतेय तर बाजूला होऊन तळ बघते: बर्फ जमलाय, डिंक लागलाय की तळ स्वच्छ आहे? स्वच्छ असेल आणि थंडी कडक असेल तर खिशातली त्या तापमानाची किक वॅक्सची डबी आणि कॉर्क, दोन मिनिटांचं काम. आणि काहीच जमलं नाही तर हेरिंगबोनने वर जाते; सपाटीवर दोन्ही पोल एकदम मारत डबल पोलिंग करते. त्याला पकड लागतच नाही, आणि पोटाचे स्नायू दोन दिवस आठवण करून देतात.

घरी आल्यावर स्की पुसून कोरडी करा आणि भिंतीला टेकवून ठेवा. हीटरपासून लांब, विशेषतः स्किनची. जोडी तळाला तळ लावून करकचून बांधू नका, मधे फट राहू द्या. मोसम संपला की टोका-शेपटीला ग्लाइड वॅक्सचा जाडसर थर देऊन तो न खरवडता तसाच ठेवा, आणि खवले एकदा रिमूव्हरने पुसून घ्या. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडायच्या आधी कागदाची चाचणी पुन्हा करा. उन्हाळ्यात आपलं वजन बदललेलं असतं आणि जुन्या स्कीची कमानही थोडी बसते.